स्क्रीनभर कान

आई,
इथूनच वाकून नमस्कार.

शेवटी स्वतःचा फोन घेतला, प्रीपेड. परवडणारे दोनच होते. एकाचा कॅमेरा झकास, पण स्क्रीन एवढीशी. दुसऱ्याची स्क्रीन मोठी, आवाज खणखणीत. फक्त कॅमेऱ्यात मी आमच्या लॉन्ड्रीतल्या वाफेतून चालत आल्यासारखा दिसतो. तोच घेतला. नाहीतरी व्हिडिओ कॉलवरही तू फोन कानालाच लावतेस. मी बारीक झालोय की जाड, तू बघतेस कुठे?

रिचार्ज संपून मध्येच आवाज गेला, तर घाबरू नकोस. गुडघा कसा आहे?

ताई तुला फोन समोर धरायला शिकवणार आहे म्हणे. तिला सांग, राहू दे. कामावरून सुटल्यावर खाटेवर पडून मी स्क्रीनभर तुझा कान बघत राहतो. खोलीच्या भिंती विरघळतात. मग डूल हलतो, आणि कळतं, तू हसलीस.

तुझाच,
धाकटा