वीस मीटरच्या पट्ट्याची तार आणि दादांचा कडुलिंब

मी, आकाराम धुळा मेटकरी, वय एकोणपन्नास, धंदा शेती व मोटर रिवाइंडिंग, राहणार मेटकरी वस्ती, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. येत्या गुरुवारी मिरजेला ऑपरेशन आहे. पुढचं बिरोबाच्या हातात.

१. वस्तीवरचं घर, माझ्या वाट्याची जमीन आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी मंगल हिला द्यावी. मी फौजेत सिग्नलला होतो तेव्हा हे घर तिनं बांधून घेतलं. माझं नाव फक्त कागदावर आहे. "आता पोरीच्या नावावर करून टाक," असा सल्ला तिला कुणी देऊ नये.

२. दुकानातलं वायंडिंगचं मशीन, मीटर आणि सगळी हत्यारं पुतण्या जयराज यास द्यावीत. मला न विचारता त्याने नेलेली, मोटर उचलायची चेनपुली परत मागून मी थकलो. तीही आजपासून त्याचीच. पुढे कलम चार वाचून कुणाला ही लाच वाटेल. ती लाच नाही. जळालेल्या मोटरीला त्याच्यासारखा हात आमच्या घरात दुसऱ्या कुणाचा नाही.

३. माझा बिनतारी सेट मुलगी शिवांजली हिला. आमचे वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरत ते मिरगाच्या तोंडावर परतत. मधे निरोप नसे. आई, म्हणजे कै. बनुबाई, रस्त्याने येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "आमचं मानूस कुटं दिसलं का वं?" लांबच्या माणसाचा आवाज घरात यावा, ही ओढ मला तिथून लागली. फौजेतून आल्यावर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला.

परवाना वारसाने मिळत नाही, आणि हा सेट परवानाधारकालाच देता येतो. माझी कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं माझं नाव, माझ्याबरोबर संपेल. शिवांजलीने सांगलीत शिकताना स्वतःचा परवाना मिळवला आहे. ती स्वतःच्या नावाने बोलेल, हे जास्त चांगलं. माझं बोलणं बहुतेक वीस मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे साधारण वीस मीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर. या लहरी आभाळात वर जाऊन लांब कुठेतरी उतरतात. दिवसा फिनलंडचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो, पण विट्याचा येत नाही. जवळच्यांच्या डोक्यावरून त्या निघून जातात.

सेट सुरू करण्याआधी शिवांजलीने बिरोबाचं नाव घ्यावं. भंडारा सेटच्या डोक्यावर लावावा, बटणावर कधीही नाही. एका खंडेनवमीला आईने प्रेमाने सगळ्या बटणांत भंडारा भरला. आवाज नुसता खरखरायला लागला, आणि मी कितीतरी दिवस लहरी बिघडवल्याबद्दल सूर्यावरच्या डागांना दोष देत बसलो. शेवटी खोललं तर आत पिवळंधमक. आई म्हणाली, "देव आत गेला आसंल, तू कशाला भाईर काढलास?"

४. जे माझं नाही, त्याबद्दल. या पट्ट्याच्या तारेचं, म्हणजे सेटच्या अँटेनाचं, एक टोक आमच्या गच्चीवर आहे आणि दुसरं थोरले बंधू लालासाहेब यांच्या रानातल्या कडुलिंबाला. आमच्या पश्चिमेला विजेची मोठी लाईन असल्याने तिकडे तार नेता येत नाही. त्यांच्या मुलाला, जयराजला, डाळिंबाच्या पॅकिंगसाठी शेड बांधायची आहे आणि कडुलिंब नेमका शेडच्या जागेत येतो. झाड गेलं तर तार जाईल, आणि शिवांजलीच्या हाती मुका डबा उरेल. शेड बांधायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. जे माझं नाही ते मी लिहून देऊ शकत नाही. कलम म्हणून नव्हे, धाकटा भाऊ म्हणून मागतो, की लिंब राहावा.

५. दादांना, म्हणजे लालासाहेबांना, मी काही ठेवलेलं नाही. काल साक्षीला बोलावलं तेव्हा याचा कच्चा मसुदा वाचून ते चिडले.

"आक्या, पोराला माज्या मशीन, आन् मला काय रं?"

"तुमाला काय न्हाई दादा."

"काय न्हाई? त्या फिनलंडवाल्यासंगं तासतास बोलतोस. आन् सख्ख्या भावाला काय न्हाई व्हय?"

"आवं, साक्षीदाराला मृत्युपत्रात कायबी ठेवायचं नसतं, वकील म्हणालं. तुमाला ठेवलं आसतं तर सही दुसऱ्याची घ्यावी लागली आसती. मला तुमचीच पायजे हुती."

त्यांनी एकदा कडुलिंबाकडे बघितलं. मग "लय शाना झालास," म्हणाले, टोपी घातली आणि चहा न घेता गेले. लिंबाबद्दल हो नाही, ना नाही. आज येतो एवढं जयराजकडून कळवलंय. येवोत न येवोत, वरच्या मजकुरातलं काही बदलत नाही.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण : मेटकरी वस्ती, ता. आटपाडी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

(सही) आकाराम धुळा मेटकरी

साक्षीदार :

१. (सही) विश्वजित बाळासो खरात, औषध दुकानदार, आटपाडी

२. (सही) लालासाहेब धुळा मेटकरी, शेतकरी. आकारामने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीत आहे. लिंब तोडत नाही, शेड मागं सरकवून बांधू, जयराजला सांगितलंय. आज येताना बघितलं, तार लय ढिली पडलीय. ती ताणायला दोन माणसं लागतात. ऑपरेशन करून लवकर ये.