आखूड काडतूस

चंद्रपूर, ६ जानेवारी २०२५

ती. अब्बांस,
फरहाचा सलाम. वि. वि. इथी मी खुशाल आहो. फोनवर तुम्हाले ऐकू येत नाई, म्हणून लिहून राह्यली. सुलतानाआपा तुम्हाले वडशात नाटकाले नेते, नि ऐकू न येताही सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसता म्हणे!

इथी मात्र भांडण लागलं. नेमबाजी क्लबातल्या बंदुका-पिस्तुलं सांभाळायले लागून मले आता चौथं वरीस. सेक्रेटरी मुखरूभाऊंनी पोरींच्या सरावासाठी काडतुसं आणली, ती आखूड निघाली. पिस्तुलाचं चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, लांब. काडतुसाचं तोंड पुढं टेकतच नाई, नुसतं मागं, काडतूस ओढून काढायच्या आकड्यावर लटकून राह्यते. मी देणार नाई म्हटलं. ते म्हणाले, आम्ही चार उडवून पाह्यली, काई झालं नाई. नि तुझ्या बापानं आलापल्लीले अशीच उडवून दाखवली होती. मी म्हटलं, माझे अब्बा असं करणार नाईत. खरं काय ते कळवा.

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
फरहा

वडसा, ११ जानेवारी

चि. फरहा हिले अनेक दुवा.
मुखरू खोटं बोलला नाई, पण त्यानं अर्धंच सांगितलं. माझा उजवा डोळा धार लावायच्या सानेच्या ठिणगीनं गेला असं तुले सांगत आलो, ते खोटं. आलापल्लीत माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात एक गिऱ्हाईक हटून बसलं, आखूड काडतूस उडवून दाखव म्हणून. माणसं जमली होती, नि मलेही कारागिरीचा तोरा. पाच आखूड काडतुसं उडाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहाव्याले आकडा तुटला, पितळ फाटलं नि जळता वायू मागं तोंडावर आला. लाजेनं तुझ्या अम्मीलेही सांगितलं नाई.

पाच उडाली म्हणूनच मी फसलो, बेटा. नोकरी सांभाळ, असं लिहायले बसलो होतो, लिहवत नाई. हे पत्र सगळ्यायसमोर वाच. माझं नाव झाकू नको.

वेळेवर जेवत जा.
तुझा अब्बा,
नूर मोहम्मद

चंद्रपूर, २० जानेवारी

ती. अब्बांस सलाम.
पत्र वाचून पह्यले रडली, मंग तुमचा राग आला. इतकी वर्सं काऊन लपवलं? भेटीत भांडीन.

काल क्लबात सगळ्यायसमोर वाचलं. मुखरूभाऊ म्हणाले, म्हाताऱ्याचं काय ऐकता. नि काडतुसांची पेटी माधवीसमोर ठेवली. ती राज्याच्या स्पर्धेसाठी निवडलेली पोरगी. ती म्हणाली, सर, आधी तुम्ही उडवा. मुखरूभाऊंनी पिस्तूल भरलं, नेम धरला. आम्ही सगळ्या मागं सरलो. बराच वेळ हात तसाच राह्यला. मंग त्यायनं काडतूस काढलं नि पिस्तूल खाली ठेवलं.

संध्याकाळी मले कामावरून काढल्याची चिठ्ठी आली. चाव्या दिल्या, पण आधी रजिस्टरात लिहिलं: या पिस्तुलात हे काडतूस कोणीही उडवू नये. खाली पूर्ण नाव घातलं, फरहा नूर मोहम्मद. माधवीनं पेन घेतला नि त्याखाली सही केली. मंग एकेक करत बाकीच्या अकराही पोरींनी.

शुक्रवारच्या गाडीनं येऊन राह्यली. माया तशीच ठेवा, भांडण झाल्यावरही.
तुमची,
फरहा