शंभर फेऱ्या आणि सासूबाईंची जपमाळ

शुगर लँड, टेक्सास
१५ मे २००५

तीर्थरूप मनोहरमामांस,

गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार (पत्रातच घालतो; कालपासून कंबर वाकत नाही). तुमचा गुडघा काय म्हणतो? चोरून साखर खाताना मामी अजून पकडते का? इकडे माझी कंबर आणि पाय सोडून सगळं ठीक.

माझ्या लग्नात भर पंगतीत तुम्ही म्हणाला होतात, "गुरू सुरू सगळं करतो, संपवत काहीच नाही." तबला, संस्कृत आणि अर्धं एम.बी.ए. त्याला साक्षी आहेत. तरी ते मला लागलं होतं, आजही लागतं. म्हणून ह्यूस्टनच्या सायकल ट्रॅकवर जुन्या थाटाच्या शर्यतीत नाव दिलं. शंभर फेऱ्या, आणि सायकली पहिल्यावहिल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या काळातल्यासारख्या: ब्रेक नाही, आणि चाक फिरतंय तोवर पाय थांबवताही येत नाहीत. (अशी सायकल मला लहानपणीच द्यायला हवी होती.)

फेऱ्या मोजणारा माणूस ज्याचा त्याने आणायचा होता. शैलजा हॉस्पिटलात ड्युटीवर. चिरंजीव नील "डॅड, प्लीज, नो" म्हणून खोलीत गेले. उरल्या सासूबाई, सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्या जपमाळ घेऊन बसल्या, फेरीला एक मणी. शर्यत शंभराची हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि माळ एकशे आठांची हे मला आठवलं नाही.

दहाव्या फेरीला वाटलं, जिंकतो. विसाव्या फेरीला सत्तरीचे एक आजोबा "गुड जॉब" म्हणत पुढे गेले; पुढे ते इतक्यांदा गेले की आमची चांगली ओळख झाली. पन्नाशीनंतर मी देवाकडे फक्त पंक्चर मागत होतो. बाकीच्या चौघांची शर्यत संपली, सँडविचं खाऊन झाली, आयोजकांना कुलूप लावायचं होतं म्हणून ते हात हलवून थांब म्हणू लागले. मला वाटलं, कीव करताहेत. मामा, तुमचं वाक्य आठवून मी रडत रडत पायडल मारत होतो. शेवटी माळ पूर्ण करून सासूबाईंनी ती डोळ्यांना लावली, तेव्हा कुठे मी थांबलो. पाचांत पाचवा आलो, पण आठ फेऱ्या जास्त मारून.

तुमचा भाचा,
गुरुदत्त

ता. क. मावशीचा यतीन म्हणत होता की तुमची शर्यतीची सायकल तुम्ही आता देऊन टाकणार, आणि तीही एखादी गोष्ट तडीस नेणाऱ्या भाच्यालाच. यतीनची जिम महिनाभरही टिकत नाही. बाकी आपण सुज्ञ आहात.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना सासूबाई म्हणाल्या की मध्ये त्यांचा डोळा लागला होता, आणि जाग आल्यावर त्यांनी तीसेक मणी अंदाजाने ओढले. म्हणजे शंभर झाल्या की नाहीत, देव जाणे. हे लिहिलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं, पण तुमच्याशी खोटं बोलायची माझी छाती नाही. सायकल तूर्त कोणालाच देऊ नका. व्हिसासाठीचं आमंत्रणपत्र सोबत जोडलं आहे. सप्टेंबरात शर्यत पुन्हा आहे. मोजायला तुम्ही या.