सैल बांधलेली पट्टी

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी होटगीला गाडी थांबली की मी खिडकीबाहेर बघत नाही. तिथे तुम्ही इंजिनावर कोळसा टाकायचात आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वेच्या फुटबॉल संघात गोलात उभे राहायचात, अनवाणी. लोकोशेडचा साहेब ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या मुलखातल्या फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो आणि पुढच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून, हवेत उडी घेऊन तो हातांनी झेलतात. तरुणपणी त्या खेळात साहेबाचं नाव होतं म्हणे. ती उडी त्याने तुम्हाला शिकवली. सोलापूरच्या मैदानावर लोक मग गोल बघायला नाही, तुमची उडी बघायला यायचे. तिनेच उजवा गुडघा खाल्ला. आई नव्हती, म्हणून सामन्याच्या सकाळी पट्टी मी बांधायची. "लई घट्ट आवळ, पोरी," तुम्ही म्हणायचात.

साहेबाची मुंबईला बदली झाली. शेवटच्या सामन्यात नीट खेळलास तर तुलाही तिकडच्या संघात नेतो, असा त्याचा शब्द होता. मला अक्कलकोटला आत्याकडे ठेवायचं ठरलं. "सणावाराला येतो की," तुम्ही म्हणालात, जसं काही तुम्ही माझे पाहुणे. दहा वर्षांची होते, पण राग म्हाताऱ्या माणसाचा होता. त्या सकाळी मी गाठ सैल बांधली. तुम्ही हरावं, एवढंच मनात होतं. दुसऱ्याच उडीला पट्टी घसरली आणि तुम्ही गुडघ्यावर आपटलात. तो आवाज मला अजून ऐकू येतो, भाकरी थापताना, पूजेला बसल्यावर, केव्हाही.

दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, "पट्टी कुणी बांधली होती?" तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "म्याच की. घाई झाली," म्हणालात. साहेब एकटाच गेला. तुम्हाला रेल्वेने फाटकावर बसवलं. पुढे लग्न होईपर्यंत मी तुमच्या शेजारी बसून जेवले आणि तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत. काढला असतात तर मी सुटले असते. आता दुपारी पडल्यावर घरात कुणी पाय ओढत चालल्यासारखं वाटतं. मी उठून बघते, कुणी नसतं.

हे पत्र कुठे टाकणार? माफी मागायची म्हणून लिहायला बसले आणि तेवढंच लिहिता येईना. त्या सामन्यानंतर दवाखान्यातून तुम्हाला बाजेवर घालून घरी आणलं तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्याने रडत होते. आतून मात्र म्हणत होते, आता आबा कुठे जात नाहीत. मला आनंद झाला होता, आबा.