मुळ्याच्या पानांखाली लॅपटॉप

३ फेब्रुवारी, सकाळी

प्रवासाआधी सगळ्यांची विचारपूस केली. हिचा गुडघा? कालच्यापेक्षा बरा, पण जिना नको म्हणाली. मुलाचा खोकला? उतरला. सूनबाईंची पाठ? ऑफिसच्या खुर्चीने धरलीय. शेजारच्या काकूंचा दात? काढला एकदाचा. लॅपटॉप? शंभर टक्के चार्ज. घरात ठणठणीत तो एकटाच.

परवा बसने उस्तादांकडे. लॅपटॉपात माझं पुस्तक आहे. शिलाई मशीनची दुरुस्ती, तीनशे बारा पानं, सहा वर्षं, दोन बोटं. शाळा सातवीत सुटली. टायपिंग माझं मीच शिकलो. ज्यांनी हातात पहिला स्क्रू ड्रायव्हर दिला, त्या उस्तादांची नजर चाललीय. डॉक्टर त्यांना म्हणाले, जे वाचायचं ते या महिन्यात वाचून घ्या. तेव्हा पुस्तक पोचलंच पाहिजे.

४ फेब्रुवारी, दुपारी

सूनबाई म्हणाल्या, बाबा, पुस्तकाची एक कॉपी घरी राहू द्या. पेन ड्राइव्हवर कॉपी केली. पण ताटातूट नको म्हणून लॅपटॉपलाच चिकटपट्टीने बांधून टाकली.

नाव आणि फोन नंबर चिकटवा, असंही म्हणाल्या. चोराला माझा पत्ता कशाला? नाही चिकटवला. पासवर्ड मात्र कागदावर लिहून लॅपटॉपच्या खाली चिकटवलाय. तो विसरतो मी.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी

युक्ती सुचली! चोर बघतो लॅपटॉपची बॅग. मग बॅगेत लॅपटॉप ठेवायचाच कशाला? बॅगेत तेवढ्याच वजनाची लाकडी फळी. वर तीन कुलुपं, शिवाय साखळी. खरा लॅपटॉप जुन्या टॉवेलात गुंडाळून भाजीच्या कापडी पिशवीत, वर मुळ्याच्या दोन जुड्या, पानं बाहेर लोंबतायत. मुळा कोण चोरतो?

हिला विश्वासात घेतलं नाही. गुपित दोन कानांत बरं. ही म्हणाली, प्रवासाला मुळे नेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. म्हटलं, उस्तादांना आवडतात.

५ फेब्रुवारी, सकाळी ७.४०, बसमध्ये

पिशवी वर सामानाच्या रॅकवर, बेफिकीर फेकल्यासारखी. बॅग मांडीवर, साखळी सीटच्या पायाला. शेजारच्या बाईंना बॅगेची तिन्ही कुलुपं समजावून सांगितली. मागच्या दोघांनाही. लोकांना अशा गोष्टी माहीत नसतात, सांगाव्यात.

९.१५

समोर एक टोपीवाला. सारखा बॅगेकडे बघतोय. मी त्याच्याकडे बघितलं की हसतो. सराईत दिसतो.

१०.३०

बस चहासाठी थांबली. सगळे उतरले, मी नाही. टोपीवाल्याने विचारलं, काका, तुमच्यासाठी चहा आणू? गुंगीचं औषध घालून, असणार. नको म्हटलं. फार तहान लागलीय.

११.५०

टोपीवाला म्हणतो, काका, तुमचे मुळे सुकले, पाणी शिंपडू का? मी ओरडलोच, हात लावू नका! मग सावरून घेतलं, म्हटलं, मुळे सुकेच चांगले लागतात. बाईंनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

दुपारी १.२०, उस्तादांच्या गावी, स्टँडवर

फत्ते! स्टॉप आला आणि साखळीच्या कुलपाची किल्ली फिरेना. कंडक्टर म्हणाला, आजोबा, सीट सोडून बाकी काय न्यायचं ते न्या, पण उतरा. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. शेवटी मागच्या दोघांनी सीट तिरकी केली, साखळी खालून काढली. बॅग डोक्यावर धरून उतरलो. बसमध्ये टाळ्या पडल्या.

बस हलली तसा टोपीवाला खिडकीतून जोरजोरात हात हलवत ओरडत होता. हातात मुळ्याची पानं. हरलेला माणूस, पण दिलदार. मीही हात हलवला.

दुपारी २.३०, उस्तादांच्या घरी

उस्ताद दारातच बसले होते. भिंग धुऊन पुसून ठेवलेलं. नात म्हणाली, आजोबा सकाळपासून डोळे मिटून बसलेत, तुमच्या पुस्तकासाठी नजर राखून ठेवलीय म्हणतात.

सगळ्यांसमोर तीन कुलुपं काढली. बॅगेतून फळी निघाली.

पहिला विचार आला, चोराने लॅपटॉप कधी बदलला? मग फळी ओळखीची वाटली.

उस्ताद भिंगातून फळीकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, लाकूड चांगलं आहे. मग म्हणाले, तू बदलला नाहीस रे. शिकायला होतास तेव्हाही स्क्रू डबीत जपून ठेवायचास आणि मशीन गिऱ्हाइकाच्या दारात विसरून यायचास.

दुपारी ४.००

नातीने बस डेपोला फोन केला. ते म्हणाले, मुळ्यांची पिशवी होती, एक प्रवासी घेऊन उतरला. काकांना पोचवतो म्हणाला, पण पिशवीवर नाव ना नंबर.

मला पाठ असलेला मेलचा पत्ता एकच, माझा. उस्ताद म्हणाले, मग तुलाच लिही. ज्याच्या हातात मशीन, तोच वाचेल. नातीच्या फोनवरून पाठवलेलं इथे उतरवून ठेवतो :

टोपीवाले भाऊ, नमस्कार. तुम्ही बरे असाल, घरची मंडळीही. लॅपटॉपही बरा असेल. तो उलटा करा, पासवर्ड खाली आहे. मेल आपोआप उघडतो, म्हणून हे वाचताय. सकाळी चहा नाकारला, त्याचा राग धरू नका. तुमच्याबद्दल मनात जे आलं ते इथे लिहीत नाही, पण त्याची माफी मागतो. मुळे तुम्ही खा. पाणी शिंपडलं तर ताजे होतील, तुमचं बरोबर होतं. तुम्ही कुठे आहात तेवढं कळवा, मीच येतो. साखळी आणणार नाही.

इथे एक म्हातारा माणूस डोळे मिटून बसलाय आणि दर पाच मिनिटांनी विचारतोय, आलं का. तेव्हा उत्तर लवकर लिहा.