टूटूचं घर आणि पीलानीची सही

सोमवार, १३ जानेवारी

घर वेंडेलला! हे घर, मागचा लिचीचा उतार, टूटूची खुर्चीसुद्धा. वेंडेल म्हणजे टूटूचा भाचा, तीस वर्षं लास व्हेगासला. टूटू ऑक्टोबरात, आजारी असूनही, त्याच्याकडे जुगाराच्या यंत्रांवर पैसे उडवायला गेली आणि मृत्युपत्र करून आली. मला म्हणाली, "जेवण छान होतं." बाकी अवाक्षर नाही. डिसेंबरात गेलीच.

मृत्युपत्रात माझं नाव कुठेच नाही. राग आलाय, खोटं कशाला बोलू. पण रागापेक्षा मला कळायला हवंय — का? जन्मापासून हिच्याच घरात. कधी मोठं भांडणसुद्धा नाही. मी चोंबडी आहेच, पण इथे कोणीही चोंबडं झालं असतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

शाळेच्या बसची दुपारची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन हिलोला गेले. मियाशिरोबाई वारसाच्या केसेस चालवतात. टेबलावर डबा उघडा, जेवता जेवताच विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?"

"मुलगी."

"जन्मदाखल्यावर?"

जन्मदाखल्यावर आई म्हणून पीलानी आहे. दत्तकाचा कागद? तो आमच्यात कोण करतं! मी म्हटलं, हानाई. त्या म्हणाल्या, "मला माहितेय हो. जज्जला काहीच माहीत नाही असं समजून बोला."

मग बोलले. पीलानी टूटूच्या चुलतबहिणीची मुलगी. तिला अठराव्या वर्षी मी झाले. टूटूला मूल नव्हतं. मला टूटूकडे दिलं, तिनं वाढवलं. हानाई म्हणजे हेच, पोर असं दिलं की ते त्या घरचं, गावाला ठाऊक असतं, विषय संपला.

"तिला हाक काय मारायचात?"

"टूटू."

"म्हणजे आजी. आई नाही?"

आई म्हण असं ती कधी म्हणालीच नाही. मलाही आजवर नवल वाटलं नव्हतं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं — आजारी बाई, वेंडेलचं घर, वेंडेलचाच वकील, त्यामुळे मृत्युपत्र उलथवता येईल. "पण ते रद्द झालं तरी घर भाच्यालाच जातं, तुम्ही मुलगी ठरला नाहीत तर. आधी ते सिद्ध करा. पहिल्या वाढदिवसाचा लुआऊ कोणी घातला होता, गावाला जेवायला कोणी बोलावलं होतं? आई म्हणून मधोमध कोण बसलं होतं? ज्यांनी पाहिलं ते शोधा."

शनिवार, २५ जानेवारी

मॅनीकाकांकडे. त्या लुआऊचं डुक्कर त्यांनीच पुरून भाजलं होतं. माणूस ऐंशीचा, स्मरणशक्ती टकाटक — डुकराबाबत!

"एकशे नव्वद पौंडांचं होतं. केळीची पानं माझ्या सासऱ्याची."

"आणि मी?"

"तू असशीलच की. तुझाच वाढदिवस होता ना?"

हसून हसून पोट दुखलं. खोदून विचारल्यावर म्हणाले, मधोमध टूटूच होती, दिवसभर मांडीवर मी. "खाली म्हणून ठेवलं नाही तुला. आम्ही चिडवत होतो, आबिगाइला, पोरीला चालायला कधी शिकवणार?" आबिगाइला हे टूटूचं नाव. कोर्टात सांगाल का, विचारलं. म्हणाले, डुकराचं पण सांगू दिलं तर येतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दिवसभर पाऊस. घळीच्या वळणावर दरड. पोरं बसमध्ये दोन तास नुसती गात होती. डोकं उठलंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्च सुटल्यावर डोरीनआंटीला गाठलं, तीही त्या लुआऊला होती. तिच्या मते लुआऊत ऑक्टोपस कमी पडला आणि तो मॅनीच्या बायकोनं घरी नेला. ते अजून मिटलेलं नाही. पण ती दुसरंही एक बोलली.

"पीलानी जेवलीच नाही. आली, मागच्या दारी आबिगाइलाशी काहीतरी बोलली आणि निघून गेली. लुआऊतनं उपाशी कोण जातं गं?"

काय बोलली? डोरीनला माहीत नाही. तिला माहीत नाही म्हणजे जगात कोणालाच माहीत नसणार.

गंमत वाटतेय मला. निघाले होते घरासाठी, आणि आता घराआधी हेच डोक्यात फिरतंय.

रविवार, १६ फेब्रुवारी

मियाशिरोबाई खूश. चार साक्षी झाल्या. म्हणाल्या, आता एकच पाहिजे, जन्मदात्या आईचा शपथेवरचा जबाब. चार ओळींचा कागदही करून दिला: माझी मुलगी मी जन्मताच आबिगाइलाला कायमची दिली, तिच्यावर कसलाही हक्क ठेवला नाही. "ह्यावर सही मिळाली तर वेंडेलचा वकील तडजोडीला येईल. नाही मिळाली तर ह्या साक्षींत फारसा दम नाही. मी खोटी आशा लावत नाही."

शनिवार, २२ फेब्रुवारी

पीलानीआंटीकडे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, कोनाला. मर्तिकांना आणि नाताळात भेटतो, त्यापलीकडे मी तिच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. हातातली रजई बाजूला सारून उठली. मासा तळला, अळकुड्यांची पोई काढली. माझ्या ताटात वाढतच राहिली.

मग कागद दिला. चष्मा लावून वाचला. परत वाचला. मला वाटलं होतं लगेच करेल, कोणालाही चार ओळींना किती वेळ लागतो?

"हे लिहिलं कोणी?"

"वकीलबाईंनी."

"छान लिहिलंय," म्हणाली. कागद उशीखाली ठेवून दिला. "बघते."

लुआऊचं विचारायला तोंड उघडलं होतं, विचारवलं नाही. येताना सगळी वाट स्वतःवरच चिडत होते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

फोन केला. उचलला नाही. मियाशिरोबाईंचे मात्र दोन येऊन गेले. कोर्टात जबाब द्यायची मुदत सोमवारी संपते. भीती वाटतेय. लिचीला मोहोर आलाय, आणि फळ धरेल तेव्हा मी इथे नसेन असं पहिल्यांदाच मनात आलं.

रविवार, २ मार्च

सकाळी पीलानी दारात. कोनाहून एवढ्या लांब स्वतः गाडी हाकत आली. कागद परत आणला. सही नाही.

"दुसरं काय हवं ते लिहून देते, हे नाही. मी तुला दिलं नव्हतं. मला काम लागेपर्यंत सांभाळ म्हटलं होतं. वाढदिवसाला न्यायला आले, तर आबिगाइला म्हणाली, आता ती माझ्याशिवाय झोपत नाही. एवढ्या माणसांत मी काय ओढाताण करणार होते?" मग म्हणाली, "ऑक्टोबरात व्हेगासहून फोन आला होता तिचा. तुझी पोर तुला परत, म्हणाली आणि ठेवून दिला."

म्हणून मृत्युपत्रात माझं नाव नाही. आणि केस संपली. मियाशिरोबाईंना उद्या सांगेन. घर वेंडेलचं.

तिला विचारलं, तुझ्याकडे एखादी खोली आहे का.

"आहे की. शिवणयंत्र आहे त्यात. हलवते."