चालू फोन पाचव्यांदा दुरुस्त न करणेबाबत

दिनांक : १७ नोव्हेंबर १९९५, शुक्रवार

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
दूरध्वनी उपकेंद्र, तळेकाठ विभाग,
पनवेल.

विषय : अर्जदाराचा फोन ठणठणीत असल्याने यापुढे दुरुस्त न करणेबाबत.
संदर्भ : सदर फोनविषयी आपल्या नोंदवहीतील चार तक्रारी.

महोदय,

१. अर्जदार विनायक टिपणीस हा कळंबोलीतील लोखंडाच्या वखारीत व्यवस्थापक असून त्याचा फोन उत्तम चालतो. तरीही आपल्या खात्याने दोन महिन्यांत तो चार वेळा दुरुस्त केला आणि दर दुरुस्तीनंतर तो काही दिवस बंद पडला.

२. अर्जदाराने घरी संगणक ठेवला असून मोडेम नावाच्या पेटीने तो फोनला जोडला आहे. ठाणे, पुणे व नाशिक येथेही काही गृहस्थांनी आपापल्या घरात असेच संगणक मांडले आहेत. रोज सकाळी सहा ते आठ हे संगणक एकमेकांना फोन करून सभासदांच्या चिठ्ठ्या पुढे पोहोचवतात. यात कोणी मुख्य कचेरी नाही, साहेब नाही, त्यामुळे काम वेळेवर होते. (हे वाक्य आपल्याला उद्देशून नाही.) संगणक फोन उचलताच किंचाळतो. तो त्यांचा नमस्कार आहे. माणसाला मात्र तो कुकरच्या शिट्टीला पडसे झाल्यासारखा वाटतो, हे अर्जदार मान्य करतो.

३. आपले लाइनमन श्री. काशीराम, राहणार बेलपाडा, हे अत्यंत कष्टाळू गृहस्थ आहेत. पहिल्या वेळी त्यांनी रिसीव्हर बदलला, दुसऱ्या वेळी घरातली वायर, तिसऱ्या वेळी थेट खांबापासूनची. चौथ्या वेळी किंचाळी स्वतःच्या कानाने ऐकून ते म्हणाले, "सायेब, वीस वरसं खांबावर चढतोय, पन असा आवाज कवा आयकला नाय. लायनीत कायतरी शिरलंय." आणि फोन उचलून घेऊन गेले. त्याला आज अकरा दिवस झाले. पुण्याच्या संगणकाने यादीत पनवेलपुढे फुली मारली आहे. इथले एकोणीस सभासद चिठ्ठ्या कागदावर लिहून संध्याकाळी घरी आणून देतात आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत.

४. हा खोडसाळपणा कोणाचा, हे पाहण्यासाठी अर्जदाराने काल आपल्या कार्यालयात नोंदवही उघडून घेतली. चारही तक्रारींखाली एकच सही होती : सौ. वसुंधरा विनायक टिपणीस. पत्ता अर्जदाराचाच.

५. घरी गेल्यावर चौकशी केली. अर्जदाराची मुलगी आभा नाशिकला वसतिगृहात राहते. ती दर रविवारी सकाळी सातला बूथवरून फोन लावते, किंचाळी ऐकते आणि ठेवून देते. तिने तसे आईला पत्राने कळवले. आईने ते अर्जदाराला सांगितले तेव्हा त्याने पडद्यावरची नजर न काढता "फोन ठणठणीत आहे" असे उत्तर दिले होते. अर्जदाराला हे आठवत नाही, पण ते खरे असणार. आभाची चिठ्ठी संगणकावर नाशिक-ठाणेमार्गे दर आठवड्याला येते, तीत "इथे सगळं ठीक" असे असते, असा बचाव त्याने करून पाहिला. त्यावर सौ. म्हणाल्या, "ठीक म्हणजे किती ठीक, ते मला तिच्या आवाजावरून कळतं."  त्याला फार वाईट वाटले.

६. वरील विषय आधीच टाइप झाल्याने तो बदलता येत नाही. तरी विनंती अशी :

(अ) सोमवार ते शनिवार किंचाळी आल्यास फोन दुरुस्त करू नये.

(आ) रविवारी संगणक बंद राहील. त्या दिवशी किंचाळी आल्यास तो खरा बिघाड समजून श्री. काशीराम यांना ताबडतोब पाठवावे. त्यांनी वायरीला हात न लावता संगणक उचलून न्यावा. अर्जदार हरकत घेणार नाही.

(इ) आपल्याकडे ठेवलेला फोन उद्या शनिवारी संध्याकाळपर्यंत घरी बसवून मिळावा. परवा रविवार आहे.

आपल्या लाइनमनची वाट पाहणारे,

वि. गो. टिपणीस (अर्जदार)
सौ. वसुंधरा वि. टिपणीस (तक्रारदार)

सोबत : आभाचे आंतरदेशीय पत्र, मूळ प्रत. वाचून परत करावे. अर्जदाराने ते काल प्रथमच वाचले असून त्याला पुन्हा वाचायचे आहे.